ओझ्याला साजेसा पंखा

(लहान आउटबोर्ड होड्यांच्या पंख्याविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. सुकती लागली की त्या मुखातून आत येणं म्हणजे बाहेर धावणाऱ्या पाण्याच्या अंगावर जाणं. काही वर्षांपूर्वी आम्ही तिथं असेच अडकलो होतो. अठरा फुटी फायबर होडी, मागं पंचवीस अश्वशक्तीचं नवं आउटबोर्ड, आत चार माणसं, ओली जाळी, बर्फ आणि बांगड्याच्या टोपल्या. थ्रॉटल शेवटपर्यंत पिळलेली होती. नेहमीच्या खणखणीत आवाजाऐवजी इंजिनातून कण्हल्यासारखा खोल आवाज येत होता आणि किनाऱ्यावरचा एक वाकडा माड बराच वेळ आमच्या बाजूलाच उभा होता. आमच्यातले सगळ्यांत वयस्कर काका थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, “इंजिन दमता रे. हेका पंखो जड पडलो.”

होडी घेतली त्या दिवशी मी ती एकट्यानं फिरवून पाहिली होती. रिकामी होडी पाण्यावर चढून धावली, तेव्हा मनाचं समाधान झालं होतं. पंख्याबद्दल काही विचारायचं असतं हे तेव्हा सुचलंही नाही. इंजिनाबरोबर जो आला तोच लावला. त्याच्या बुंध्यावर १३ हा आकडा कोरलेला होता. काकांच्या त्या वाक्यानंतर तो काढून ११ आकड्याचा पंखा बसवला आणि पुढच्या खेपेला भरलेली होडी तशाच सुकतीत, त्याच मुखातून न अडखळता आत आली. इंजिन तेच, होडी तीच, माणसंही तीच. बदलला होता तो ताटलीएवढा अ‍ॅल्युमिनियमचा पंखा. त्या दोन आकड्यांमधला फरक समजून घेताना जे शिकलो, त्याची ही पुस्तिका झाली आहे.

तिचं सांगणं एवढंच आहे की पंखा आपल्या रोजच्या ओझ्यावरून निवडावा. इंजिनाचं नाव, होडीची लांबी, शेजाऱ्यानं कोणता लावला आहे, हे सगळं त्यानंतर येतं. पुढची सगळी प्रकरणं म्हणजे या एका गोष्टीचा उलगडा आहे. पण त्याआधी विषयाची तोंडओळख करून देणं हे प्रस्तावनेचं काम.

पुस्तकांत ज्याला प्रोपेलर म्हणतात, त्याला आपल्या बंदरांवर पंखा म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे आणि मीही तोच वापरला आहे. मात्र त्यामुळे एक गैरसमज होतो. घरातला पंखा वारा ढकलतो, तसा हा पाणी ढकलतो आणि मोठा पंखा जास्त ढकलतो, एवढंच आपल्याला वाटतं. खरं तर याचं नातं मळसूत्राशी आहे. फणसाच्या लाकडात स्क्रू पिळताना प्रत्येक फेऱ्याला तो ठरावीक अंतर आत जातो, कारण त्याच्या आट्या तेवढ्या अंतरावर असतात. पंख्याची पाती म्हणजे अशाच मळसूत्राचे कापून घेतलेले तुकडे. पाणी लाकडासारखं घट्ट असतं, तर एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढं गेला असता, ते अंतर म्हणजे त्याची पिच. बुंध्यावर दोन आकडे असतात, ते बहुतेक इंचांत: पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा. ९.९ × ११ म्हणजे जवळपास दहा इंच व्यासाचा आणि एका फेऱ्याला कागदोपत्री ११ इंच, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर, पुढं जाणारा पंखा.

हा हिशेब प्रत्येकानं एकदा तरी स्वतः करून पाहावा. समजा, इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेतं आहे आणि त्याच्या गिअरचं प्रमाण २.०८ आहे. म्हणजे पंखा मिनिटाला सुमारे २,६४४ फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्याला ११ इंच धरले तर मिनिटाला साधारण ७३९ मीटर, म्हणजेच ताशी ४४ किलोमीटर किंवा जवळपास २४ नॉट. प्रत्यक्षात होडी एवढी धावत नाही, कारण पाणी पंख्याखालून मागं सरकतं. कागदावरच्या आणि पाण्यावरच्या वेगातल्या या फरकाला स्लिप म्हणतात. हलकी होडी पाण्यावर चढून धावत असेल तर ही स्लिप वीस टक्क्यांच्या आसपास असू शकते. जड होडी मंद गतीनं पाणी रेटत असेल तर ती चाळीस-पन्नास टक्क्यांवरही जाते. स्लिप म्हणजे दोष, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पाणी थोडंही मागं ढकललं नाही, तर होडी पुढं जायला जोर मिळणारच नाही. किती स्लिप कोणत्या कामाला शोभते, एवढंच पाहायचं असतं.

आता ओझ्याकडे येऊ. होड्या दोन तऱ्हांनी चालतात. एक पाणी कापत, पाण्यात बसून जाते. दुसरी वेग घेतला की पाण्यावर चढून पळते. पाण्यात बसून जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीनं बांधलेला असतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ नं गुणायचं. उत्तर नॉटमध्ये मिळतं. सोळा फुटांचं वर्गमूळ चार, म्हणजे अशा होडीचा वेग साडेपाच नॉटांच्या आतच. त्यापुढं जायचं तर होडीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं, आणि त्यासाठी वजनाच्या मानानं पुरेशी ताकद हवी. ढोबळ अंदाज असा की एका अश्वशक्तीमागे वीस-पंचवीस किलोंपर्यंत वजन असेल, तर होडी चढते.

माझ्याच होडीचं गणित मांडतो. होडीचं अंग ३५० किलो, इंजिन ६०, भरलेली टाकी २५ आणि दोन माणसं १४०. एकूण ५७५ किलो, म्हणजे अश्वशक्तीमागे २३. ती चढणारच. परतताना आणखी दोन माणसांचे १४०, ओल्या जाळ्याचे १५०, बर्फ आणि मासळीचे २००. बेरीज १,०६५ किलो, म्हणजे अश्वशक्तीमागे सुमारे ४३. आता ती चढणं शक्य नाही. सकाळी बाहेर पडलेली आणि दुपारी परतणारी होडी एकच दिसते, पण पाण्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या होड्या आहेत. १३ चा पंखा सकाळच्या होडीचा होता, आणि दुपारीही मी तिच्याकडून तोच ओढून घेत होतो. सायकलवर मागं पोतं बांधून घाट चढताना मोठ्या गिअरवर पेडल मारत राहावं, तसा तो प्रकार होता. पंखा हा आउटबोर्डचा एकमेव बदलता येणारा गिअर आहे. जड ओझ्याला कमी पिच, हलक्या ओझ्याला जास्त पिच, हे त्यातून आपोआप येतं. अगदी जड, सतत पाण्यात बसून चालणाऱ्या होडीला तर मोठा व्यास आणि लहान पिच लागते, म्हणजे भरपूर पाणी सावकाश ढकलता येतं.

या विषयाचा इतिहास मला फार भावतो, कारण त्यात कागदावरून कोणालाच बरोबर उत्तर मिळालेलं नाही. प्रत्येक वेळी ते पाण्यानं दिलं. १८३६ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी मळसूत्री पंख्याचं पेटंट घेतलं. त्यांचा लाकडी पंखा म्हणजे दोन पूर्ण आट्यांचा लांबलचक स्क्रू होता. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा अर्धा भाग तुटून पडला आणि बोट थांबण्याऐवजी अधिक वेगानं धावू लागली. आट्या जास्त म्हणजे पकड जास्त, हा सरळ वाटणारा समज त्या अपघातानं मोडला. त्याच वर्षांत जॉन एरिक्सन हेही वेगळ्या घडणीच्या पंख्यावर काम करत होते. १८४५ मध्ये ब्रिटिश आरमारानं पंख्यावर चालणारं ‘रॅटलर’ आणि बाजूच्या चाकांवर चालणारं ‘अलेक्टो’ ही जवळपास सारख्या ताकदीची दोन जहाजं पाठीला पाठ लावून बांधली आणि दोन्हींना पूर्ण वाफ दिली. ‘रॅटलर’नं ‘अलेक्टो’ला अडीच नॉटांच्या आसपास वेगानं उलटं ओढत नेलं.

पन्नास वर्षांनी चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ची पाळी आली. १८९४ मध्ये पाण्यात उतरलेल्या या बोटीत टर्बाइनची अफाट ताकद होती, पण वेग मिळेना. पंखा इतक्या जोरात फिरत होता की पात्याच्या ओढणाऱ्या बाजूला पाण्याचा दाब पार कोसळत होता आणि पाणी थंड असूनही तिथं त्याची वाफ होऊन बुडबुडे धरत होते. पंखा पाण्याऐवजी बुडबुड्यांत फिरत होता. पार्सन्स यांनी टाकीत प्रयोग करून हे डोळ्यांनी पाहिलं आणि मग एका दांड्याऐवजी तीन दांडे, प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये स्पिटहेडच्या आरमारी संचलनात ‘टर्बिनिया’ ३४ नॉटांच्या वेगानं सगळ्यांच्या देखत धावली. ताकद तयार करणं आणि ती पाण्यात उतरवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत, हा धडा तिथला आहे. १९०९ पासून मिल्वॉकीत ओले एव्हिनरूड यांनी आउटबोर्ड इंजिनं बाजारात आणली आणि तोच धडा लहान होडीवाल्यांच्याही वाट्याला आला.

स्मिथ आणि पार्सन्स यांना जे करावं लागलं, ते आपल्यालाही करावं लागतं: पाण्यात जाऊन मोजणं. सुदैवानं आपलं मोजमाप सोपं आहे. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत, पूर्ण रेस दिल्यावर ते मिनिटाला किती ते किती फेऱ्यांत चालावं हे छापलेलं असतं. अनेक फोर स्ट्रोक इंजिनांसाठी ते ५,००० ते ६,००० असं असतं. फेरे मोजणारा टॅकोमीटर लहान आणि स्वस्तही मिळतो. त्याची तार स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळली की आकडा दिसतो. शांत पाणी पाहायचं. टाकी भरलेली, नेहमीची माणसं आणि नेहमीचं वजन होडीत घ्यायचं. मासळी नसेल तर तेवढे पाण्याचे डबे ठेवायचे. मग सरळ रेषेत पूर्ण रेस देऊन आकडा वाचायचा. कमी आला तर पंखा जड आहे, पिच कमी करायची. मर्यादेबाहेर गेला तर पंखा हलका आहे, पिच वाढवायची. एक इंच पिचनं साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो, असं सांगतात. मात्र लहान पंख्यावर तो जास्तही पडतो, कारण २१ मधला एक इंच आणि ११ मधला एक इंच यांचं वजन सारखं नसतं. माझ्या होडीत १३ च्या पंख्यानं भरल्या वजनाला फेरे ४,५०० वर अडकत होते. ११ लावल्यावर ते ५,००० च्या थोडे वर गेले, आणि रिकाम्या होडीत ६,००० च्या जरा आत राहिले. दोन्ही होड्यांना चालणारा पंखा मिळाला.

हे मोजमाप इंजिनाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. पूर्ण रेस देऊनही इंजिन त्याच्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल, तर पिस्टनवर ताण येतो, इंजिन तापतं, कार्बन धरतं आणि पेट्रोल जळतं. उलट फेरे मर्यादेबाहेर जात असतील, तर बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड झिजतात. माझ्यापर्यंत आलेल्या कितीतरी तक्रारी “इंजिनच खराब निघालं” अशा होत्या आणि पंखा बदलल्यावर त्या मिटल्या. कर्ज काढून घेतलेलं इंजिन दोन हंगामांत खिळखिळं झालेलं पाहिलं की जीव तुटतो, कारण ते टाळता येत होतं.

तरीही प्रत्येक दोष पंख्याच्या माथी मारू नये. पाण्यात राहिलेल्या होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरले की फेरे पडतात. आधी तळ घासावा, मग पंख्याचा विचार करावा. इंजिन जिला टांगतात त्या मागच्या फळीची उंची बरोबर नसेल, तर पंखा वरून हवा ओढतो; अचानक फेरे वाढतात आणि होडी मात्र ढिली पडते. पंख्याच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या पातळीला असावी, हा साधा नियम आहे. आपल्याकडे मेस्त्री याला आणि ‘टर्बिनिया’च्या बुडबुड्यांना एकच नाव देतात, “पंखा हवा धरतो.” पण वरून ओढलेली हवा वेगळी आणि पाण्याचीच झालेली वाफ वेगळी. पहिल्यावर इलाज उंचीचा आणि ट्रिमचा, म्हणजे इंजिनाच्या कलाचा; दुसऱ्यावर पात्याचा. पात्यावर ठिपक्याठिपक्यांनी खाल्ल्यासारखे खड्डे दिसले, तर तो दुसरा प्रकार समजावा. आणखी एक फसवा दोष बुंध्यातल्या रबरी बुशचा. पंखा खडकावर आपटला तर गिअर वाचावा म्हणून ते रबर सरकतं. पण एकदा सैल झालं की थोड्या रेसवर सगळं ठीक चालतं आणि जोर दिला की इंजिन नुसतंच भणाणतं. नव्या पंख्याच्या आतल्या नळीवर आणि बाहेरच्या बुंध्यावर एका रेषेत खूण करून ठेवावी. दोन खुणा पुढंमागं झाल्या की रबर फिरलं, हे पाहताक्षणी कळतं.

धातूच्या निवडीतही किनाऱ्याचा विचार हवा. स्टेनलेस स्टीलचं पातं पातळ असूनही वाकत नाही, म्हणून वेगवान होडीला ते चांगलं. पण जिथं रोज वाळूच्या पट्ट्यावरून आणि कातळाजवळून जायचं आहे, तिथं मी अ‍ॅल्युमिनियमच सुचवतो. ते वाकतं, तुटतं, पण आघात स्वतःवर घेतं, दुरुस्त होतं आणि परवडतं. चार पात्यांचा पंखा लाटांत आणि ओझ्यात पाणी घट्ट धरतो, थरथरही कमी करतो. त्या बदल्यात वरचा वेग थोडा जातो आणि बहुधा पिच एखाद्या इंचानं कमी घ्यावी लागते. तारकर्लीला पर्यटकांना नेणाऱ्या होडीचं वजन जाताना आणि येताना जवळपास सारखं असतं, तिची निवड त्यामुळे सोपी. मासेमारीची होडी हलकी जाते आणि जड येते. अशा वेळी जड बाजू धरावी आणि जाताना रेस थोडी आवरती घ्यावी, कारण वारा सुटलेला असताना, सुकती लागलेली असताना ताकद लागते ती परतीच्याच वाटेवर.

ही पुस्तिका मी लहान होडीच्या मालकांसाठी, खलाशांसाठी आणि बंदरावर इंजिनं उघडून बसणाऱ्या तरुण मेस्त्र्यांसाठी लिहिली आहे. पहिल्या चार प्रकरणांत व्यास, पिच, स्लिप आणि वजनाचे हिशेब सोडवलेल्या उदाहरणांसह आहेत. पाचव्यात चाचणी पायरीपायरीनं सांगितली आहे. शेवटच्या दोन प्रकरणांत पंखा काढणं, दांड्याला ग्रीस लावणं, गुंडाळलेली जाळ्याची दोरी सील कापण्याआधी शोधणं आणि वॉशरचा क्रम न चुकवता पंखा परत बसवणं, ही हाताची कामं आहेत. पंख्याला हात लावण्याआधी सेफ्टी स्विचची दोरी काढावी आणि इंजिन न्यूट्रलला असावं, हे मी प्रत्येक ठिकाणी मुद्दाम पुन्हा लिहिलं आहे. ती पुनरुक्ती कंटाळा न करता वाचावी. बोटं एकदाच मिळतात.

ज्यांच्या होड्यांत बसून मी आकडे टिपले, ज्यांनी ऐन हंगामातला वेळ मला दिला, त्या सगळ्या नाखवांचा मी ऋणी आहे. त्या दिवशी नुसत्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या काकांचा सगळ्यांत जास्त. त्यांच्या कानाला जे कळलं, ते मी आकड्यांत मांडायचा प्रयत्न केला आहे, म्हणजे ज्यांचा कान अजून तयार झालेला नाही त्यांनाही ते वापरता येईल.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. आपल्या होडीपाशी जा, पंख्याच्या बुंध्यावरचं मीठ आणि ग्रीस पुसून तिथले दोन आकडे वहीत उतरवा. त्याखाली काल परतताना होडीत काय काय होतं ते लिहा: माणसं, जाळी, बर्फ, टाकी, मासळी, प्रत्येकाचं वजन अंदाजानं. बेरीज करा आणि तेच पान समोर ठेवून पहिलं प्रकरण उघडा. तिथली उदाहरणं माझ्या होडीची आहेत. तुम्ही ती तुमच्या आकड्यांनी सोडवायची आहेत.

मालवण, नारळी पौर्णिमा